भुंगा

"दांडा कसा जातोय खाली?"
साग्यनबाय विचारतो, हिमनदीच्या पायथ्याच्या ठाण्यावरून.
रेडिओची खरखर त्याच्या खोकल्याहून थोडी कमी.
"लोण्यात सुरी जावी तसा."
"मग पंपाचं कातडं वाळलंय. हवा दाबली जात नाही,
कडेकडेनं निसटतेय. तेल आहे?"

तेल नाही.
बाटली परवा घोड्यानं लाथेनं फोडली.
(घोड्याचीही काही बाजू असेल,
त्या चढावर त्याला कुणी विचारलं नव्हतं.)

स्टोव्ह पितळेचा, माझ्या दुप्पट वयाचा.
बुडाशी किंमत ठोकलेली, रूबल आणि कोपेकमध्ये,
ज्या देशाची ती नाणी, तो देश राहिला नाही.
कारखान्यानं नाव ठेवलं होतं भुंगा.
धडधाकट असला की तंबूभर गुणगुणतो,
आज सकाळपासून गप्प आहे
आणि माझ्या पातेल्यात बर्फ, बर्फच.

"दुंब्याच्या शेपटीची चरबी तरी असेल?
ती चोळ. पण आधी कातडं काखेत धर,
गार कातडं चरबी पीत नाही."
अर्धा तास मी एका हातानं जगते,
दुसरी काख उबवते आहे रुपयाएवढं कातडं.

मग तिसऱ्या दाबाला
पंप माझ्या तळहाताला उलट ढकलतो.
एवढंसं ढकलणं. पण त्यात कुणीतरी आहे.

वाटीत स्पिरिट ओतते, काडी लावते,
आणि घाई करते.
भस्सकन पिवळा जाळ,
तंबूच्या छतानं मान मागे घेतली.
"किती उंच?"
"भुवई गेली."
"दोन्ही?"
"डावी."
"मग ठीक आहे.
ती पेट्रोलची वाफ नव्हती, पेट्रोलच होतं.
नळी पुरती तापू दे. स्पिरिट विझण्याच्या जरा आधी चावी फिरव."
"जरा म्हणजे किती?"
यावर तो काही बोलत नाही.
बहुतेक त्यालाही हे कुणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्यांदा निळी येते.
येते, आणि ठसकते. थांबते, पुन्हा ठसकते.
"माइक जवळ धर."
मी रेडिओ बर्नरपाशी नेते,
नाडी दाखवायला मूल वैद्याकडे न्यावं तसा.
खाली गुडघ्यांनी कायमचा बसवलेला एक माणूस
डोळे मिटून ऐकत असणार.
"भोकात कचरा. विझव, गार होऊ दे, पिन मार."
पिन नाही.
खुंट्यांना खूण म्हणून बांधायची तार आहे,
पिळाची. तिचा एकच पदर सोडवते,
केसाहून जरा जाड,
आणि श्वास धरून त्या भोकात घालते
जे मला नीट दिसतही नाही.

पुन्हा चरबी, पुन्हा स्पिरिट, पुन्हा ते जरा आधी.

भुंगा बोलला.
आधी घशात, मग सगळ्या अंगानं.
पातेल्यातला बर्फ एका बाजूला कलंडला.

"हं," साग्यनबाय म्हणाला.
मग बऱ्याच वेळानं,
"आणि नऊ नंबरचा खुंटा?"

मी सांगितलं.
गेल्या भाद्रपदात म्हणावं तर काय, त्यांच्याकडे तो महिना नाही;
गेल्या सप्टेंबरात मी त्याचं टोक बसून पाहिलं होतं,
आज उभी राहून हात वर केला, तरी पोचला नाही.
आकडा दोनदा सांगितला. त्यानं दोनदा लिहून घेतला.

"बॅटरी किती आहे?"
"एक रेघ."
"बटण दाबून ठेव जरा. बोलू नकोस."

मी बटण दाबून धरलं, माइक आचेकडे वळवून.
एक रेघ होती ती लुकलुकायला लागली.
चहा झाला. त्याला पेट्रोलचा वास होता,
तो मी कळवला नाही.